ईजीएफआर अँटिबॉडी: प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईजीएफआर, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर, हे पेशीच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं प्रथिन म्हणता येईल. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं, बाजारात ढिगाने मिळतात. तरीही ‘सिग्नल का येत नाही’, ‘हा जास्तीचा बँड कुठला’ हे प्रश्न काही संपत नाहीत. नव्याने काम सुरू करणारे संशोधक विद्यार्थी आणि दुसऱ्या विषयातून या विषयाकडे वळलेले सहकारी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं ईजीएफआर समोर ठेवून दिली असली, तरी बरीचशी कुठल्याही पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला लागू पडतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो: कुपीवरच्या नावावर विसंबू नका. ती अँटिबॉडी तुमच्या पेशीत, तुमच्या पद्धतीत काय पकडते, ते स्वतः पाहा.

मला फक्त अँटिबॉडी वापरायची आहे. रिसेप्टरची रचना माहीत असायलाच हवी का?

हो. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

माणसातला ईजीएफआर १२१० अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात तयार होतो. सुरुवातीचा २४ आम्लांचा सिग्नल पेप्टाइड कापला जातो आणि ११८६ आम्लांचा पक्व रिसेप्टर उरतो. त्याचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो, एक छोटा पट्टा पटलातून आरपार जातो, आणि आतल्या बाजूला टायरोसिन कायनेझ व त्यापुढची लांब शेपटी असते. बाहेरच्या भागाचे चार उपभाग पडतात. ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढीचा इशारा देणारं प्रथिन) पहिल्या आणि तिसऱ्या उपभागांच्या मध्ये अडकतो, दुसरा उपभाग शेजारच्या रिसेप्टरला बिलगून जोडी जमवायला मदत करतो.

आता अँटिबॉडीकडे या. तिचा एपिटोप (ती नेमका जो तुकडा ओळखते तो) बाहेरच्या भागात असेल, तर जिवंत पेशी जशाच्या तशा रंगवता येतील. एपिटोप शेपटीत असेल, तर पटलाला छिद्रं पाडल्याशिवाय ती आत पोहोचणारच नाही. एपिटोप पहिल्या उपभागात असेल, तर ईजीएफआर-व्ही-थ्री हा मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा अर्बुदांत आढळणारा प्रकार तिला दिसणार नाही. त्या प्रकारात जनुकाचे २ ते ७ हे एक्झॉन गळालेले असतात, २६७ अमिनो आम्लं कमी झालेली असतात, आणि त्यात पहिला उपभाग जवळपास सगळा जातो. तिसऱ्या उपभागाला चिकटणारी अँटिबॉडी मात्र त्या प्रकारालाही पकडू शकते. ‘ईजीएफआर निगेटिव्ह’ असा निष्कर्ष काढण्याआधी आपण नेमका कुठला तुकडा शोधत होतो, हे माहीत असायला हवं ते यासाठी.

क्लोन २२५, क्लोन ५२८ ही नावं सारखी कानावर पडतात. ती कुठून आली?

१९७५ मध्ये जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी हायब्रिडोमाचं तंत्र मांडलं. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि मायलोमाची न संपणारी पेशी यांचा संकर करायचा, म्हणजे एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी मिळत राहते. अशा एका संकरित पेशीची वंशावळ म्हणजे क्लोन. या कामासाठी १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं. रिसेप्टरच्या बाजूची गोष्ट स्टॅनली कोहेन यांच्यापासून सुरू होते. त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून ग्रोथ फॅक्टर वेगळा केला आणि पुढे त्याचा रिसेप्टर शोधला. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं.

हे दोन धागे एकत्र आले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. जॉन मेंडेलसोन, गॉर्डन सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए४३१ या मानवी कर्करोगाच्या पेशींवरच्या रिसेप्टरविरुद्ध उंदरात अँटिबॉडी तयार केल्या. त्यांतल्या २२५ आणि ५२८ या दोन क्लोननी ग्रोथ फॅक्टरला रिसेप्टरवर बसूच दिलं नाही. २२५ चा चिकटणारा भाग तसाच ठेवून बाकीचा भाग मानवी आयजीजी१ या प्रकारच्या अँटिबॉडीचा लावला की होतं सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचं औषध, ज्याला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतलं साधन आणि रुग्णाला दिलं जाणारं औषध एकाच क्लोनमधून निघालं, असं फार थोड्या वेळा घडतं. मला या विषयाची गोडी लागली ती या गोष्टीमुळेच.

मोनोक्लोनल घ्यावी, पॉलिक्लोनल की रिकॉम्बिनंट?

पर्याय असेल तर रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्या, म्हणजे एकाच क्लोनची, तिचं जनुक पेशीत घालून बनवून घेतलेली. तिचा जनुकीय क्रम माहीत असतो, म्हणून आज घेतलेली आणि पाच वर्षांनी घेतलेली कुपी सारखीच निघण्याची खात्री जास्त. हायब्रिडोमातून येणारी मोनोक्लोनलही चांगली असते, पण ती पेशी कधी बदलते, कधी मरते, कधी जोडीला दुसरीच साखळी बनवू लागते. पॉलिक्लोनल, म्हणजे प्राण्याच्या रक्तातून काढलेलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, एकाच वेळी अनेक एपिटोप पकडते. त्यामुळे सिग्नल दणदणीत येतो आणि इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढायला) ती उपयोगी पडते. पण प्राणी बदलला, रक्त काढण्याची वेळ बदलली, की अँटिबॉडीही बदलते. दीर्घकाळ चालणारा प्रकल्प तिच्या भरवशावर उभा करू नये.

एकच अँटिबॉडी फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणं), वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून पटलावर ओळखणं) आणि ऊतींचे काप या सगळ्यांना चालेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि त्यात अँटिबॉडीचा दोषही नाही. रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात सिस्टिनची दाट गर्दी आहे आणि डायसल्फाइड बंधांनी त्या भागाचा आकार घट्ट धरून ठेवला आहे. २२५ किंवा ५२८ सारखी अँटिबॉडी हा उभा आकार ओळखते. वेस्टर्नसाठी आपण नमुना एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळतो. बंध तुटतात, आकार मोडतो, आणि जिवंत पेशीवर झगझगीत सिग्नल देणारी अँटिबॉडी ब्लॉटवर गप्प बसते. शेपटीतल्या छोट्या पेप्टाइडविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी नेमकी उलट वागते: ब्लॉटवर उत्तम, जिवंत पेशीवर शून्य.

म्हणून माहितीपत्रकात ‘चाचणी केलेल्या पद्धती’ या ओळीत तुमची पद्धत आहे का, ते आधी बघा. नसेल तर ती अँटिबॉडी चालणारच नाही असं नाही, पण सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

अँटिबॉडी खरी आहे, हे सिद्ध कसं करायचं? इतक्या प्रबंधांत वापरली आहे, ते पुरेसं नाही का?

पुरेसं नाही. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त वर्षं आणि पैसे इथेच वाया जातात.

एरिथ्रोपॉयटिन या लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरचं उदाहरण घ्या. तोही पेशीच्या पृष्ठभागावरचाच. त्याच्याविरुद्धची सी-२० नावाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी बरीच वर्षं वापरात होती. तिच्या जोरावर कितीतरी अर्बुदांत हा रिसेप्टर ‘सापडला’, आणि कर्करोगाच्या रुग्णांना एरिथ्रोपॉयटिन देणं धोक्याचं आहे का या चर्चेत ते निष्कर्ष पुढे केले गेले. २००६ मध्ये काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा कळलं, की ब्लॉटवर ६६ किलोडाल्टनजवळ दिसणारा तो ठळक बँड एचएसपी७० या उष्माघात प्रथिनाचा होता. खरा रिसेप्टर त्याहून लहान, साधारण ५९ किलोडाल्टनचा. एचएसपी७० ताणाखाली असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत भरपूर असतं, त्यामुळे अर्बुदांत सिग्नल तर येणारच! अँटिबॉडी प्रामाणिकपणे काहीतरी पकडत होती. फक्त लेबलवर लिहिलेली गोष्ट पकडत नव्हती.

ईजीएफआरच्या बाबतीतही सुरुवातीच्या काळात असंच काहीसं पुढे आलं होतं. ए४३१ पेशींच्या रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या असतात, आणि त्यांत ए रक्तगटाचा प्रतिजन असतो. या पेशी टोचून बनवलेल्या काही अँटिबॉडी प्रत्यक्षात ती साखर ओळखत होत्या. ए४३१ वर त्या झकास चालत, पण तो रक्तगट नसलेल्या पेशीवर भरपूर ईजीएफआर असला तरी सिग्नल नाही. उलट, ए रक्तगट असलेल्या भलत्याच प्रथिनालाही त्या चिकटू शकतात.

२०१६ मध्ये या क्षेत्रातल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पडताळणीच्या पाच वाटा सुचवल्या. जनुक काढून किंवा दाबून सिग्नल जातो का पाहणं. अँटिबॉडीशी संबंध नसलेल्या पद्धतीने प्रथिनाचं प्रमाण मोजून ते जुळतं का बघणं. वेगळा एपिटोप असलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीशी तुलना. टॅग लावलेलं प्रथिन पेशीत घालून दोन्ही सिग्नल एकत्र येतात का तपासणं. आणि अँटिबॉडीने ओढून काढलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पाचही करायची गरज नाही, पण एकही न करता पुढे जाऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे: क्रिस्परने केलेली नॉकआऊट पेशी (ते जनुक बंद पाडलेली) मिळवता येत असेल, तर तिच्यापेक्षा चांगला पुरावा नाही. त्याच पेशीची मूळ जात आणि नॉकआऊट शेजारी शेजारी ठेवा. नॉकआऊटमध्ये सिग्नल गेला, तर तो रिसेप्टरचा होता. राहिला, तर जे राहिलं ते दुसऱ्या कशाचं तरी आहे. एसआयआरएनएने जनुक दाबून बघत असाल तर ४८ ते ७२ तास द्या, कारण आधीपासून पृष्ठभागावर असलेला रिसेप्टर लगेच नाहीसा होत नाही. आणि सिग्नल पूर्ण शून्यावर येईल ही अपेक्षा ठेवू नका, विशेषतः ए४३१ मध्ये.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलसाठी कुठल्या पेशी घ्याव्यात?

पॉझिटिव्हसाठी ए४३१ आणि एमडीए-एमबी-४६८. दोन्हींत ईजीएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत. ए४३१ च्या एका पेशीवर दहा लाखांहून जास्त रिसेप्टर असतात. मध्यम पातळीसाठी हेला चालते, कमी पातळीसाठी एमसीएफ-७.

निगेटिव्हसाठी सीएचओ पेशी किंवा ज्युरकॅटसारखी रक्तपेशींची जात. सीएचओची एक सोय अशी, की तिच्यात मानवी ईजीएफआरचं जनुक घालून पॉझिटिव्ह जोडीदारही तयार करता येतो.

फक्त ए४३१ वर अँटिबॉडी तपासून समाधान मानू नका. इतका रिसेप्टर असलेल्या पेशीवर सुमार अँटिबॉडीही चमकते. तुमच्या नमुन्यात जी पातळी अपेक्षित आहे, त्या पातळीच्या पेशीवर ती चालते का, हा खरा प्रश्न.

फ्लोमध्ये सिग्नल फारच कमी येतो. पेशीत रिसेप्टर आहे हे नक्की माहीत आहे. चुकतंय कुठे?

पहिला संशय ट्रिप्सिनवर घ्या. चिकटून वाढणाऱ्या पेशी सोडवताना आपण जे एन्झाइम घालतो, ते पृष्ठभागावरची प्रथिनंही कुरतडतं. एपिटोपचा तुकडा गेला की अँटिबॉडीला धरायला काही उरत नाही. त्याऐवजी ईडीटीए किंवा ॲक्युटेजसारखं सौम्य मिश्रण वापरा. ट्रिप्सिन टाळताच येत नसेल, तर वेळ कमीत कमी ठेवा आणि सीरम घालून ते लगेच थांबवा.

दुसरा संशय तापमानावर. ईजीएफआर स्थिर बसून राहत नाही. ग्रोथ फॅक्टर मिळाला की काही मिनिटांत आत ओढला जातो, आणि दोन हातांची अँटिबॉडी चिकटली तरी आत जाऊ शकतो. म्हणून सोडवल्यापासून यंत्रावर नेईपर्यंत सगळं बर्फावर चालवा. बफर आधीच ४ अंशांपर्यंत थंड करून ठेवा, सेंट्रिफ्यूजही आधी थंड करून घ्या. ट्यूब बर्फात नीट रुतवलेली हवी. बर्फाच्या वर तरंगत ठेवलेल्या ट्यूबमधला द्रव थंड राहत नाही. बफरमध्ये थोडं सोडियम ॲझाइड असेल तर पेशीची ऊर्जा बंद पडते आणि आत ओढण्याची क्रिया आणखी मंदावते.

तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही: पेशी कशात वाढवल्या होत्या? काही माध्यमांत ग्रोथ फॅक्टर मुद्दाम घातलेला असतो, स्तनाच्या किंवा त्वचेच्या पेशींच्या माध्यमांत तर हमखास. अशा पेशींवर पृष्ठभागावरचा रिसेप्टर कमीच सापडेल, आणि ग्रोथ फॅक्टर रोखणारी अँटिबॉडी वापरत असाल तर ती जागा आधीच भरलेलीही असू शकते.

अँटिबॉडी किती घालायची? पत्रकातलं प्रमाण घेतलं तर चालेल?

सुरुवात म्हणून चालेल, मुक्काम म्हणून नाही. टायट्रेशन करा. १०० मायक्रोलिटरमध्ये दहा लाख पेशींना १ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून दर वेळी निम्मं करत सात-आठ पायऱ्या खाली या. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही पेशी प्रत्येक पायरीवर रंगवा. मग पॉझिटिव्हच्या मध्यकातून निगेटिव्हचा मध्यक वजा करून त्याला निगेटिव्हच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागा. हा आकडा जिथे सर्वांत मोठा, ते तुमचं प्रमाण.

आलेखात साधारण असं दिसतं: प्रमाण जास्त असताना दोन्ही डोंगर उजवीकडे सरकलेले असतात, निगेटिव्हचासुद्धा. कमी करत आलात की आधी निगेटिव्हचा डोंगर डावीकडे परततो, पॉझिटिव्ह जागचा हलत नाही. पुढे एका टप्प्यावर पॉझिटिव्हही घसरायला लागतो. त्याच्या आधीची जागा पकडायची. बऱ्याचदा ती पत्रकातल्या प्रमाणापेक्षा बरीच खाली असते, म्हणजे कुपीही जास्त दिवस पुरते.

पेशींची संख्या दसपट केली तर अँटिबॉडीही आपोआप दसपट लागते असं मात्र नाही. पण ए४३१ सारख्या रिसेप्टरने ठासून भरलेल्या पेशींत अँटिबॉडी संपून जाऊ शकते, तिथे पुन्हा तपासून घ्या.

आयसोटाइप कंट्रोल हवाच का?

हवा, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. त्याच जातीची, त्याच रंगाची, त्याच प्रमाणात घेतलेली आणि कशालाही न ओळखणारी अँटिबॉडी किती चिकटते, एवढंच तो सांगतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची रेघ कुठे ओढायची हे तो ठरवत नाही. त्यासाठी निगेटिव्ह पेशी, आणि अनेक रंग असतील तर एक रंग वगळलेला नमुना लागतो. नमुन्यात मोनोसाइट किंवा मॅक्रोफेज असतील, तर अँटिबॉडीचा मागचा भाग त्यांच्या एफसी रिसेप्टरला चिकटतो. तिथे आधी एफसी ब्लॉक (ती जागा अडवणारं द्रावण) घाला. मेलेल्या पेशींना सगळंच चिकटतं, तेव्हा त्यांना वेगळं काढणारा रंग कधीही वगळू नका.

वेस्टर्नवर बँड कुठे दिसायला हवा? मला दोन-तीन दिसतात.

नुसत्या अमिनो आम्लांचं वजन धरलं तर साधारण १३४ किलोडाल्टन, पण साखरेच्या साखळ्यांमुळे बँड १७० ते १७५ च्या आसपास येतो. तो थोडा पसरट असतो, यात गैर काही नाही. त्याच्या जरा खाली फिकट बँड असेल, तर तो साखर पूर्ण न लागलेला, अजून पेशीच्या आत तयार होत असलेला रिसेप्टर असू शकतो. पीएनजीएझ-एफ एन्झाइमने साखर कापून बघा. खरा रिसेप्टर असेल तर बँड खाली सरकेल. हा स्वस्त आणि खूप काही सांगून जाणारा प्रयोग आहे.

ए४३१ मध्ये आणखी एक गंमत सापडेल. या पेशी रिसेप्टरच्या फक्त बाहेरच्या भागाचा, शंभराहून थोड्या जास्त किलोडाल्टनचा तुकडाही बनवतात आणि माध्यमात सोडतात. बाहेरच्या भागाविरुद्धची अँटिबॉडी तो दाखवेल, शेपटीविरुद्धची दाखवणार नाही.

एवढं मोठं प्रथिन नीट वेगळं व्हायला ६ ते ८ टक्क्यांचं जेल घ्या आणि पटलावर उतरवायला पुरेसा वेळ द्या. घाईच्या ट्रान्स्फरमध्ये मोठी प्रथिनं जेलमध्येच अडकतात आणि दोष अँटिबॉडीवर येतो. इम्युनोप्रेसिपिटेशन करणाऱ्यांसाठी मात्र इथे एक सोय आहे: अँटिबॉडीच्या साखळ्या ५० आणि २५ किलोडाल्टनवर येतात, म्हणजे १७० च्या बँडपासून खूप लांब.

पेशी फिक्स कराव्या का? छिद्रं पाडावी का?

फक्त पृष्ठभागावरचा रिसेप्टर बघायचा असेल, तर आधी जिवंतपणी बर्फावर रंगवा आणि मग फिक्स करा. हे सर्वांत स्वच्छ. आधी फिक्स करायचंच असेल तर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड घ्या, पण ते एपिटोप बिघडवत नाही याची खात्री करून. मेथॅनॉल पेशी फिक्स करता करताच पटलही उघडतं, त्यामुळे ‘पृष्ठभाग’ आणि ‘आत’ हा फरक पुसला जातो. सॅपोनिन किंवा ट्रायटन घातल्यावर आतले एंडोसोम नावाच्या पिशव्यांमधले रिसेप्टरही दिसू लागतात. ते हवे असतील तर उत्तम, नको असतील तर आकडे फुगतात.

पॅराफिनमधल्या ऊतींच्या कापांत काहीच उमटत नाही.

फॉर्मलिनने बांधलेला एपिटोप सोडवायला लागतो. काही क्लोनना पीएच ६ चं सिट्रेट, काहींना पीएच ९ चं बफर, तर काहींना उष्णतेऐवजी एन्झाइमने पचन लागतं. ईजीएफआरच्या बाबतीत हा शेवटचा पर्याय विसरू नका. कडेला त्वचेचा तुकडा ठेवा, तिच्या खालच्या थरांत रिसेप्टर दिसायलाच हवा.

मला रिसेप्टरचं काम थांबवायचं आहे. कुठलीही अँटिबॉडी चालेल?

अजिबात नाही. रिसेप्टरला चिकटणं वेगळं, त्याला रोखणं वेगळं. ग्रोथ फॅक्टरची जागा अडवणारा क्लोनच घ्यायला हवा, म्हणजे २२५, ५२८ किंवा तशाच गुणधर्माचा. सेटुक्सिमॅबचा रिसेप्टरसोबतचा स्फटिक पाहिला तर दिसतं, की तो तिसऱ्या उपभागावर बसतो. त्यामुळे ग्रोथ फॅक्टरला जागा मिळत नाही, आणि रिसेप्टरला जोडी जमवण्यासाठी लागणारा ताठ आकारही घेता येत नाही.

कुपी ‘ॲझाइडरहित, कमी एंडोटॉक्सिन’ अशीच हवी. ॲझाइड पेशी मारतं, आणि एंडोटॉक्सिनमुळे रोगप्रतिकारक पेशी चवताळतात. मग परिणाम कशाचा, ते सांगता येत नाही. कंट्रोल म्हणून त्याच जातीची निष्क्रिय अँटिबॉडी त्याच प्रमाणात घाला. शक्य असेल तर एका हाताचा फॅब तुकडाही वापरून बघा: दोन हातांची अँटिबॉडी दोन रिसेप्टरना जवळ आणू शकते, आणि कधी कधी दिसणारा परिणाम रोखण्याचा नसून एकत्र बांधल्याचा असतो.

आणि हो, ए४३१ च्या वाढीवरून निष्कर्ष काढताना जपून. या पेशींची वाढ ग्रोथ फॅक्टर भरपूर दिला तर खुंटते. ‘फॅक्टर घातला, पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे फॅक्टर खराब’ असं समजून नवीन कुपी मागवू नका. रिसेप्टरचं फॉस्फोरिलेशन (सक्रिय होताना त्याला फॉस्फेट लागणं) मोजणं हा जास्त थेट मार्ग.

सेटुक्सिमॅब दिलेल्या पेशींवर रिसेप्टर दिसेनासा झाला. तो खरंच कमी झाला का?

कदाचित नाही. तुम्ही २२५ किंवा ५२८ ने रंगवत असाल, तर औषधाने ती जागा आधीच अडवलेली आहे. वेगळ्या जागी बसणारा क्लोन घ्या, किंवा पेशी विरघळवून शेपटीविरुद्धच्या अँटिबॉडीने एकूण रिसेप्टर मोजा. दुसरी शक्यता: काही मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत उपचारानंतर ४९२ क्रमांकावरच्या सेरीनच्या जागी आर्जिनिन येतं. एवढ्या एका बदलाने सेटुक्सिमॅबची पकड सुटते, पण पॅनिटुमुमॅब हे तसंच दुसरं औषध मात्र अजूनही चिकटतं.

उंदराच्या पेशींवर चालेल का?

२२५ आणि ५२८ मानवी रिसेप्टरपुरतेच. उंदरासाठी त्या रिसेप्टरविरुद्ध तपासलेली वेगळी अँटिबॉडी घ्या. उंदराच्या ऊतींवर उंदराचीच अँटिबॉडी वापरली तर दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला ओळखून रंग दाखवणारी) ऊतीतल्या मूळ अँटिबॉडींनाही रंगवते. सशाचा क्लोन किंवा थेट रंग जोडलेली अँटिबॉडी घेतली तर हा त्रास टळतो.

एका पत्रकात वाय१०६८, दुसऱ्यात वाय१०९२. या दोन वेगळ्या जागा आहेत का?

एकच जागा, वाय म्हणजे टायरोसिन. पक्व रिसेप्टरपासून मोजलं तर १०६८, सिग्नल पेप्टाइडसकट मोजलं तर १०९२. फरक बरोबर २४ चा. तसंच ११७३ आणि ११९७. लेखनात कुठली मोजणी वापरली ते एकदा लिहून ठेवा. या जागा पेशीच्या आत आहेत, म्हणून छिद्रं पाडल्याशिवाय फॉस्फो-अँटिबॉडी काही दाखवणार नाही, आणि नमुन्यात फॉस्फटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) रोखणारी रसायनं घातली नाहीत तर दाखवायला काही उरणारही नाही.

साठवण कशी करावी?

रंग न जोडलेली अँटिबॉडी छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. १० मायक्रोलिटरपेक्षा लहान भाग करू नका. फार थोडी अँटिबॉडी असेल तर ती प्लास्टिकलाच चिकटून जाते. गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा नको. फायकोएरिथ्रिन किंवा एपीसी हे रंग जोडलेली अँटिबॉडी मात्र कधीच गोठवू नका, २ ते ८ अंशांवर अंधारात ठेवा. टँडेम रंग (दोन रंग जोडून केलेले) उजेडात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात, मग एका रंगाचा सिग्नल दुसऱ्याच खिडकीत दिसू लागतो. कुपी उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. झाकणाला लागलेला थेंबसुद्धा मोलाचा असतो.

मी स्वतः रंग जोडू शकतो का?

हो, पण आधी बफर बघा. ट्रिस, ग्लायसिन आणि बीएसए (वाहक म्हणून घातलेलं प्रथिन) यांच्यातही अमाइन गट असतात आणि ते रंग पळवतात. वाहक प्रथिन नसलेली कुपी मागवा, किंवा बफर बदलून घ्या. रंग जास्त जोडला तर चिकटणारा भागच झाकला जातो, तेव्हा जोडल्यावर टायट्रेशन नव्याने करायला लागतं. एचआरपी हे एन्झाइम जोडलेल्या अँटिबॉडीजवळ ॲझाइड येऊ देऊ नका, ते एन्झाइमचं काम थांबवतं.

‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलंय. रुग्णाच्या नमुन्याचा अहवाल देता येईल का?

नाही. निदानासाठी मान्यता मिळालेले संच वेगळे असतात आणि त्यांची पडताळणीही वेगळी होते.

नवीन लॉट (उत्पादनाची खेप) आला. पुन्हा सगळं करायचं का?

सगळं नाही. जुन्या लॉटची थोडी अँटिबॉडी राखून ठेवा, दोन्ही लॉट एकाच दिवशी त्याच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशींवर तीन-चार प्रमाणांत चालवा. वक्र जुळले तर पुढे जा. पॉलिक्लोनल असेल तर नॉकआऊटची चाचणीही पुन्हा करा.

शोधनिबंधात काय काय लिहावं?

क्लोनचं नाव, उत्पादक, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी. हा शेवटचा ओळख क्रमांक कंपनी विकली गेली किंवा नाव बदललं तरी टिकतो. प्रमाण ‘१:२००’ असं नुसतं देऊ नका, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये द्या. कुपीतली मूळ तीव्रता माहीत नसेल तर त्या गुणोत्तराला अर्थ नाही. तापमान, वेळ, फिक्सेशन, पेशी कशाने सोडवल्या हेही लिहा. आणि पडताळणीचा प्रयोग परिशिष्टात पूर्ण ब्लॉटसकट द्या, कापून घेतलेल्या पट्टीसकट नव्हे. तुमच्यानंतर तीच अँटिबॉडी मागवणारा विद्यार्थी आधी ते चित्र शोधेल.